वेगाच्या खेळातली फितुरी

कोथरूड, पुणे
८ फेब्रुवारी २०२६

प्रिय मिलिंद,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. मृण्मयीने इथल्या महाविद्यालयाच्या, शर्यतीची मोटार स्वतः बांधणाऱ्या फॉर्म्युला संघात नाव घातले, हे तिच्याकडून मला आधीच कळले होते; मात्र त्यावरून तुझ्या मनात एवढे काहूर उठले असेल, याची कल्पना नव्हती. ज्या खेळात जगज्जेतेपदाच्या मागून दर चार-दोन वर्षांनी हेरगिरी, ठरवून केलेले अपघात आणि बंद दाराआडचे समझोते बाहेर पडतात, त्या खेळाच्या नादी मुलीला लागू द्यावे का, असे तू विचारतोस. परवानगीचा प्रश्न तुम्हा बापलेकींचा आहे, मी त्यात पडत नाही. पण हा खेळच मुळात चोरांचा आहे, हे तुझे वाक्य मला तसेच सोडून देववत नाही. माझे सारे आयुष्य भोसरीत दुसऱ्यांची गेज आणि मापे तपासण्यात गेले असल्यामुळे, चोरी कोण करतो यापेक्षा ती पकडली कशी जाते याकडे माझे लक्ष आधी जाते. आणि तसे पाहिले तर या खेळातल्या मोठमोठ्या चोऱ्या तपासनिसांच्या हुशारीने क्वचितच उघडकीस आल्या आहेत. बहुतेक वेळा त्या उघडकीस आणल्या त्या प्रतिस्पर्ध्यांच्या वैराने, आणि त्याहूनही अधिक संघातल्या भाऊबंदकीने.

आधी मोजमापाबद्दल लिहितो, कारण बाकीचे सगळे त्यातूनच उगवते. माप कुठे, केव्हा आणि कोणत्या अवस्थेत घेतले जाणार हे एकदा छापून जाहीर झाले, की त्या जागेच्या आणि त्या क्षणाच्या बाहेरचे सारे रान मोकळे होते. १९८१ साली फॉर्म्युला वनमध्ये नियम आला की गाडीचा तळ जमिनीपासून किमान ६ सेंटिमीटर उंच असला पाहिजे. ही उंची अर्थातच पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या दुरुस्तीच्या जागेत, गाडी उभी असताना मोजली जाई. ब्रॅबहॅम संघाचा रचनाकार गॉर्डन मरे याने गाडीला अशी हवा आणि द्रवावर चालणारी सस्पेन्शन बसवली की वेग वाढला म्हणजे वाऱ्याच्या दाबाने गाडी खाली दबून बसे आणि जवळजवळ जमीन चाटत धावे. परतीच्या संथ फेरीत ती हळूहळू वर येई आणि तपासनिसांपुढे नियमात उभी राही. इतर संघांनी आधी आरडाओरडा केला, पण गाडी वैध ठरल्यावर थोड्याच शर्यतींत त्यांनीही आपापल्या गाड्यांना खाली-वर करणारी यंत्रणा बसवून घेतली. याला मी चोरी म्हणणार नाही. नियम करणाऱ्याने प्रश्नच अर्धा विचारला होता.

१९८४ सालच्या टिरेल संघाची गोष्ट मात्र वेगळी आहे. त्या वेळी बहुतेक संघ टर्बो इंजिनांकडे वळले होते आणि टिरेलपाशी जुने, अशक्त कॉसवर्थ इंजिन उरले होते. तेव्हा तगून राहायचे तर गाडी हलकी पाहिजे. पण किमान वजन ५४० किलोचे ठरलेले. गाडीत इंजिनासाठी म्हणून पाण्याची टाकी होती. शर्यतीचा बराचसा भाग हलक्या वजनाने पळायचे आणि अखेरीस पाणी भरण्याच्या निमित्ताने पिटमध्ये यायचे. त्या पाण्यासोबत शिशाचे छरेही टाकीत जात आणि काट्यावर गाडी पुरेशी जड भरे. भरताना काही छरे उडून शेजारच्या संघांच्या दारात सांडत असत, आणि शेजाऱ्यांना त्याचा अर्थ न कळण्याइतके ते भोळे नव्हते. डेट्रॉइटच्या शर्यतीत मार्टिन ब्रंडल दुसरा आला, त्यानंतर टाकीतले पाणी तपासले गेले आणि टिरेलचे त्या वर्षीचे सगळे गुण पुसले गेले. एवढ्यावर गोष्ट संपती तर बरे झाले असते. परंतु पुढच्या वर्षी इंधनाची मर्यादा २२० लिटरवरून १९५ वर आणायची ठरली होती आणि टर्बोवाल्या संघांना ती नको होती. बदल रोखायला सर्व संघांचे एकमत हवे होते आणि ते एकमत होऊ न देणारा संघ टिरेलच होता. टिरेलची हकालपट्टी झाली आणि एकमत झाले. शिक्षा खरी होती, गुन्हाही होता, पण फिर्यादी निःस्वार्थी नव्हते. हे असे जोडीने येणे या खेळात पुनःपुन्हा दिसते, म्हणून कुठलाही निकाल वाचताना तक्रार कोणी केली होती हे मी आधी पाहतो.

तपासनिसांनी स्वतःच्या डोळ्यांनी पकडलेली थोर चोरी मला एकच आठवते, आणि एक कारागीर म्हणून तिच्यापुढे मी आजही टोपी काढतो. १९९५ साली जागतिक रॅली स्पर्धेत टोयोटाच्या सेलिका गाड्या होत्या. टर्बोमध्ये जाणारी हवा एका ठरावीक व्यासाच्या तोंडातूनच गेली पाहिजे, असा नियम. त्या तोंडाला रिस्ट्रिक्टर म्हणतात. टोयोटाच्या माणसांनी आतल्या बाजूस स्प्रिंगांची अशी रचना केली होती, की नळी बसवून तिचा पट्टा आवळला की सारा जोड काही मिलिमीटर सरके आणि रिस्ट्रिक्टरला वळसा घालून जादा हवा आत शिरे. तपासणीसाठी पट्टा सैल केला की तोच जोड आपोआप मूळ जागी बसे आणि तपासनिसाला नियमाबरहुकूम भाग दिसे. म्हणजे पाहणाऱ्याचा हात लागताच चोरी स्वतःला मिटवून टाकत होती. कॅटलोनियाच्या रॅलीनंतर हे सापडले. संघाचे गुण गेले आणि १२ महिन्यांची बंदी आली. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक नियामक संस्थेचे त्या वेळचे अध्यक्ष मॅक्स मोस्ले यांनी शिक्षा सुनावताना त्या कारागिरीची तारीफही केली होती.

तू म्हणशील, हे शर्यतवाल्यांचे झाले. मग २०१५ आठव. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांमधले सॉफ्टवेअर, गाडी तपासणीच्या रोलरवर उभी आहे हे ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर आवरता घेत असे. हे अमेरिकेत उघड झाल्यावर इथे आपल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहनतपासणी संस्थेने गाड्या तपासल्या, आणि भारतातही तीन लाखांहून अधिक गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. रिस्ट्रिक्टर आणि हे सॉफ्टवेअर यांची जात एकच. फरक इतकाच की शर्यतीत शेजारी टपून बसलेला असतो आणि बाजारात तसा कोणी नसतो, म्हणून बाजारातली लबाडी वर्षानुवर्षे चालली.

आता भाऊबंदकीकडे वळतो. २००७ सालचे हेरगिरीचे प्रकरण तुला नावाने ठाऊक आहे, पण त्यातली गंमत तपशिलात आहे. फेरारीत वर्षानुवर्षे काम केलेल्या आणि तांत्रिक प्रमुख रॉस ब्रॉन गेल्यानंतर आपल्या वाट्याला आलेल्या जागेवर नाराज असलेल्या नायजेल स्टेपनीकडून, प्रतिस्पर्धी मॅकलारेन संघाचा मुख्य रचनाकार माइक कॉफलन याच्याकडे फेरारीची ७८० पानांची तांत्रिक कागदपत्रे पोहोचली. एवढा गठ्ठा घरात ठेवणे धोक्याचे, म्हणून कॉफलनच्या पत्नीने तो इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात नेला आणि त्याच्या सीडी करून मागितल्या. अप्पा बळवंत चौकातला झेरॉक्सवाला गिऱ्हाइकाचे कागद वाचत बसल्याचे मी कधी पाहिले नाही, पण हा दुकानातला माणूस फेरारीचा भक्त निघाला आणि त्याने सरळ इटलीला कळवले. पुढे जुलै महिन्यात एफआयएने पहिली सुनावणी घेतली. कागद मॅकलारेनच्या माणसाकडे होते हे मान्य झाले, मात्र त्यांचा उपयोग केल्याचा पुरावा नाही म्हणून शिक्षा काहीच झाली नाही. तपासयंत्रणेपुरते प्रकरण तिथेच मिटले होते.

ते पुन्हा उकरले गेले ते घरातल्या भांडणाने. फर्नांडो अलोन्सो सलग दोन जगज्जेतेपदे जिंकून मॅकलारेनमध्ये आला होता आणि त्याच्या शेजारी पदार्पणाच्याच वर्षी लुईस हॅमिल्टन त्याला मागे टाकू लागला होता. हंगेरीच्या पात्रता फेरीत आधी हॅमिल्टनने संघाचे सांगणे मानले नाही. मग अलोन्सो पिटमध्ये गाडी अडवून इतका वेळ उभा राहिला की मागे थांबलेल्या हॅमिल्टनला शेवटची फेरी घ्यायला वेळच उरला नाही. अलोन्सोला पाच स्थाने मागे ढकलले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी संघप्रमुख रॉन डेनिस आणि अलोन्सो यांच्यात कडाक्याचे भांडण झाले आणि त्या भांडणात अलोन्सोच्या तोंडून काही ईमेलांचा उल्लेख निघाला. डेनिसने स्वतः मोस्लेला फोन केला. पुढे एफआयएने चालकांना अभय देऊन ते ईमेल मागवले, तेव्हा अलोन्सो आणि चाचणीचालक पेद्रो दे ला रोसा यांच्यात फेरारीच्या गाडीतील वजनाच्या विभागणीवरही चर्चा झाल्याचे दिसले. १३ सप्टेंबर २००७ रोजी मॅकलारेनला १० कोटी डॉलरचा दंड झाला आणि संघांच्या स्पर्धेतून ते बाद झाले. तिकडे अलोन्सो आणि हॅमिल्टन एकमेकांचे गुण खात राहिले. मोसमाच्या अखेरीस दोघांचेही १०९ गुण झाले आणि फेरारीचा किमी रायकोनेन ११० गुणांनी जगज्जेता झाला. आपल्या इतिहासात किल्ले कसे पडले हे मी तुला सांगायला नको. इथेही दरवाजा आतूनच उघडला.

दुसरे प्रकरण मला अधिक जाचते. २८ सप्टेंबर २००८, सिंगापूरची पहिलीवहिली रात्रीची शर्यत. रेनोचा अलोन्सो पंधराव्या स्थानावरून निघाला होता आणि सर्वांच्या आधी, अगदीच अवेळी वाटावे अशा वेळी, इंधन भरून गेला. लगेचच त्याच संघाचा नेल्सन पिके धाकटा भिंतीवर आदळला, सगळ्यांना एका रांगेत हळू चालायला लावणारी सेफ्टी कार आली, इंधन भरायचे राहिलेल्या बाकीच्यांची गणिते कोलमडली आणि अलोन्सो शर्यत जिंकला. शंका अनेकांना आली, सिद्ध कोणी केली नाही. वर्षभराने, २००९ च्या मोसमातच रेनोने पिकेला काढून टाकले, आणि मगच त्याने लेखी जबाब दिला की हा अपघात संघप्रमुख फ्लाव्हिओ ब्रियातोरे आणि अभियंता पॅट सिमंड्स यांच्या सांगण्यावरून केला होता. बेमुदत बंदी, पाच वर्षांची बंदी असे निकाल लागले आणि जानेवारी २०१० मध्ये फ्रान्सच्या न्यायालयाने त्या दोन्ही बंदी रद्दही केल्या. ब्रियातोरे २०२४ मध्ये त्याच संघात, आता अल्पीन या नावाच्या, सल्लागार म्हणून परत आले. काढून टाकलेल्या माणसाचा सूड नसता तर आजही आपण त्या विजयाला डावपेचांची कमाल म्हटले असते.

त्या रात्री पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून, निघून आघाडीवर असलेला फेलिपे मासा सेफ्टी कारच्या गोंधळात पिटमध्ये आला, आणि इंधनाची नळी गाडीला लटकलेली असतानाच त्याला सोडले गेले. तो तेरावा आला. मोसमाअखेर हॅमिल्टनचे ९८ आणि मासाचे ९७ गुण झाले. फेरारीच्या माणसांनी नळीची चूक केली नसती तर काय झाले असते, हा वाद कधीच संपणार नाही. आणि पारितोषिक समारंभ झाला की मोसमाचा निकाल पालटत नाही, असा नियम आहे. तरीही कारस्थान २००८ मध्येच वरिष्ठांच्या कानावर आले होते, असे त्या काळी फॉर्म्युला वनचा व्यवहार सांभाळणारे बर्नी एक्लस्टोन यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितल्यावर मासाने लंडनमध्ये दावा लावला. गेल्या नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यातला काही भाग फेटाळला, पण कटाच्या आरोपावर खटला चालू द्यायला परवानगी दिली. कागदावर जगज्जेता तर तो होणार नाही. तरी, ज्यांना माहीत होते ते गप्प का बसले, हे शपथेवर विचारले जावे असे मला मनापासून वाटते.

संघाच्या हुकमावरून चालकांनी एकमेकांना पुढे जाऊ देणे, यावर तू फार लिहिले आहेस. मला त्याचे तितके वाटत नाही. २००२ साली ऑस्ट्रियात फेरारीच्या बारिकेल्लोने शेवटच्या सरळ पट्ट्यात आपल्याच संघातल्या शूमाखरला विजय देऊन टाकला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली, ती रास्तच होती. पण ते सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले. नंतर हुकूमबंदीचा नियम आणला तर संघ सांकेतिक भाषेत बोलू लागले, आणि २०११ पासून तो नियमच काढून टाकावा लागला.

मला खरा राग येतो तो २०१९ च्या फेरारी इंजिनाच्या प्रकरणाचा. इंधनाचा प्रवाह ताशी १०० किलोपेक्षा जास्त नसावा, असा नियम होता आणि तो मोजायला गाडीत सेन्सर बसवलेला असे. फेरारीचे सरळ पट्ट्यातले बळ पाहून रेड बुलने जे केले ते या खेळातले सर्वांत सभ्य शस्त्र आहे: त्यांनी आरोप केला नाही, एफआयएला पत्र लिहून विचारले की सेन्सरच्या मोजण्याच्या दोन क्षणांच्या मध्ये जादा इंधन सोडण्याची अमुक युक्ती आम्ही केली तर चालेल का. चालणार नाही, असे लेखी उत्तर आले. अर्थात ते वाचायचे होते ते भलत्याच संघाने. फेब्रुवारी २०२० मध्ये एफआयएने चौकशी आटोपती घेऊन फेरारीशी गोपनीय समझोता केल्याचे जाहीर केले. फेरारीचे इंजिन न वापरणाऱ्या सातही संघांनी निषेध केला, पण समझोत्यात काय लिहिले आहे ते आजवर कोणाला दाखवलेले नाही. गाड्यांवर दुसरा सेन्सर आला, आणि त्या वर्षी फेरारी संघ सहाव्या क्रमांकावर घसरला. यातून गुन्हा सिद्ध होतो असे मी म्हणत नाही. मी एवढेच म्हणतो की मापाचा दाखला जर बंद पाकिटात ठेवायचा असेल, तर माझ्या धंद्यात त्याला दाखला म्हणत नाहीत. टिरेलसारखा गरीब संघ असता तर त्याला असे पाकीट मिळाले असते का, हे तूच ठरव. त्या मानाने रेड बुलने २०२१ मध्ये खर्चाची मर्यादा ओलांडली तेव्हा ७० लाख डॉलरचा दंड आणि वाऱ्याच्या चाचण्यांत १० टक्के कपात, हा निकाल निदान छापील होता.

सध्या चाललेला वादही तू वाचला असशील. २०२६ च्या नव्या नियमांत इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातली हवा किती पट दाबायची ते प्रमाण, १८ पटींवरून १६ पटींवर आणले आहे, आणि ते मोजायचे सभोवतालच्या साध्या तापमानाला. मर्सिडीजच्या इंजिनात धातू तापून असा फुगतो की धावताना हे प्रमाण १६ च्या वर जाते, अशी शंका घेऊन फेरारी, ऑडी आणि होंडा यांनी मोसम सुरू होण्याआधीच एफआयएकडे धाव घेतली. मर्सिडीजचे म्हणणे, आमचे इंजिन नियमात बसते. भोसरीतल्या आमच्या तपासणीच्या खोलीत वर्षभर २० अंश सेल्सिअस तापमान राखावे लागते, कारण लांबीचे माप जगभर त्याच तापमानाला धरतात; त्यामुळे गार मोजायचे की गरम, या भांडणाने मला तर पर्वणीच लाभली आहे. माझा कौल तूर्त मर्सिडीजच्या बाजूचा आहे. मोजण्याची अवस्था नियमात लिहिली होती आणि कोणी डोळ्यांआड काही लपवलेले दिसत नाही. टोयोटाचा जोड हात लागला की मिटत होता. हे इंजिन गरम करून मोजले तर जे आहे ते दाखवील. ब्रॅबहॅम एका बाजूला आणि टोयोटा दुसऱ्या बाजूला, अशी माझी रेघ आहे. ती तुला पटत नसेल तर सविस्तर लिही, कारण तुझ्या वकिली डोळ्याला ती कदाचित वेगळ्या जागी दिसेल.

मृण्मयी गेल्या रविवारी घरी आली होती. तिच्या संघाला पुढच्या वर्षी कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर, फॉर्म्युला भारत स्पर्धेला जायचे आहे. तिथे गाडी ६० अंशांपर्यंत कलती करून पाहतात, आवाज मोजतात, चारही चाके एकदम आवळली जातात की नाही हे ब्रेक लावून तपासतात. यांतले काही चुकले तर पळायची वेळच येत नाही. ती नियमांची प्रत घेऊन आली होती आणि समासात पेन्सिलीने तिने प्रश्न लिहिले होते. त्यांपैकी दोन प्रश्न तर रेड बुलच्या वळणाचे होते, हे मी तिला सांगितले नाही. ते आयोजकांना आताच लेखी विचारून घे आणि उत्तर जपून ठेव, एवढे मात्र बजावले. गाडीचा सांगाडा तयार झाला की मापे घ्यायला संघातल्या मुलामुलींना घेऊन भोसरीला ये, असेही सांगून ठेवले आहे. तू त्या सुमारास पुण्यात येणार असशील तर आधी कळव. मेलबर्नची पहिली शर्यत ८ मार्चला आहे, पण तेवढ्यासाठी मुद्दाम येऊ नकोस.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
श्रीकांत